तुपावांचून चकोल्या

आमचें उंब्रज गांव कृष्णा आणि तारळी या नद्यांच्या संगमाशीं, पुणें-बंगळूर महामार्गावर वसलें आहे. महामार्गामुळें शहरची हवा आमच्या येथें लवकर येते. आणि उन्हाळ्याच्या सुटींत नातवंडें आलीं म्हणजे ती थेट स्वयंपाकघरांत शिरते. यंदा तसेंच झालें. त्यांतून जें कांहीं शिकावयास मिळालें, तें संसारी वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून लिहीत आहें.

नातवानें आल्याबरोबर पास्ता मागितला. मी कांदा-लसूण खात नाहीं. आमच्या कुटुंबास दांतांमुळें मऊ अन्न लागतें. आणि कॉलेजांत शिकणाऱ्या नातीनें दूध, दहीं, तूप, मध हें सारें सोडलेलें. अशा माणसास ‘व्हीगन’ म्हणतात, असें तिनें मला सांगितलें. हा शब्द 1944 सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं प्रचारांत आणला. तो आपल्या शाकाहाराहून निराळा आहे, कारण आपला शाकाहार पिढ्यान्‌पिढ्या गाईच्या दुधातुपावर उभा आहे.

पहिल्या दिवशीं दुपारीं वरणभात वाढला. तुपानें अन्नशुद्धि झाल्याखेरीज जेवणास आरंभ करावयाचा नाहीं, हा आमच्या घरचा शिरस्ता. नात “नको, आजोबा” म्हणत असतां मीं स्वतः तिच्या भातावर तूप वाढलें, आणि वर चार कठोर शब्दही बोललों. ती कांहीं बोलली नाहीं. पान पुढें सारून उठली. मी जेवलों खरा, पण मुलीस उपाशी उठविणाऱ्या घरांत शुद्धि कसली झाली, हें माझें मलाच उमगेना. पुढचे दोन दिवस ती आमच्या पंक्तीस बसली नाहीं, आणि घरांत चार तोंडांचे चार स्वयंपाक चालले. त्याचा भार कोणावर पडला, हें गृहिणींस सांगावयास नको.

तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं कुटुंब म्हणालें, “अहो, पास्ता म्हणजे तरी काय? पिठाचे उकडलेले तुकडेच ना? आज चकोल्या करतें. तूप तेवढें राहूं द्या.”

तिचें म्हणणें यथार्थ होतें. इटलीचा सुका पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो; त्याच जातीच्या गव्हास आपण बन्सी म्हणतों. रवा पाण्यांत भिजवून, आकार देऊन, वाळवून तो करतात. ही युक्ति आपल्यास नवी नाहीं. सोळाव्या शतकांतील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथांत ‘सेविका’ नांवाचें पक्वान्न आहे. बारीक पिठाच्या जवाएवढ्या वळ्या करून, वाळवून, दुधांत शिजविण्यास त्यांत सांगितलें आहे. आपल्या बायका लग्नाच्या रुखवतासाठीं गव्हले, मालत्या, नखुल्या वळतात, त्या याच कुळांतल्या. त्यांना वाळवण लागतें. चकोल्यांना तेंही लागत नाहीं. खानदेश-विदर्भांत यांनाच वरणफळें म्हणतात.

चार-पांच माणसांच्या बेताची कृति अशी. एक वाटी तुरीची डाळ हळद घालून कुकरांत मऊ शिजवावी. डाळ शिजते तोंवर दोन वाट्या कणकेंत मीठ, थोडा ओवा व चमचाभर तेल घालून पोळीच्या कणकेपेक्षां घट्ट भिजवावी. पातेल्यांत तेलाची फोडणी करून मोहरी, जिरें, हिंग, चार मेथीदाणे व कढीलिंब घालावा. त्यावर घोटलेली डाळ, सहा-सात वाट्या पाणी, तिखट, मीठ, गोडा मसाला, दोन-तीन आमसुलें आणि गुळाचा खडा घालून आमटी खळखळूं द्यावी. पोळी जाडसर लाटून शंकरपाळ्याप्रमाणें कापावी, आणि तुकडे एकेक करून उकळत्या आमटींतच सोडावे. आधण मंद असेल तर ते एकमेकांस चिकटून गोळा होतो. आठ-दहा मिनिटांत चकोल्या शिजतात. आमटी आरंभीं पातळच हवी, कारण कणकेनें ती दाट होते; फार आळली तर कढत पाणी घालावें. वरून ओलें खोबरें आणि कोथिंबीर. सारें काम पाऊण तासांत उरकतें, आणि घासावयास भांडीं थोडीं पडतात.

पोषणाच्या दृष्टीनेंही ही जोडी चांगली. गव्हांत लायसीन हा प्रथिनघटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. मात्र दूधदुभतें सर्वस्वीं सोडणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: ब-12 हें जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरंवशानें मिळत नाहीं, तें वैद्यांच्या सल्ल्यानें निराळें घ्यावें. तीळ व नाचणीही नित्य आहारांत असावीं, म्हणजे हाडांस चुना मिळतो. हें मीं नातीस सांगितलें. या वेळीं सौम्यपणें सांगितलें, म्हणून तिनें ऐकलें.

पानें मांडलीं तेव्हां तुपाची जागा रिकामी दिसली, म्हणून कुटुंबानें शेंगदाण्याच्या कच्च्या तेलाची वाटी आणली. तिच्या वासासरशीं मला 1972 चा दुष्काळ आठवला. मी तेव्हां शाळकरी पोर. रेशनवर मिलो आणि गहूं मिळे. तूप घरांत नव्हतें. आई चकोल्यांवर तेलाची धार धरी, आणि आम्ही भावंडें पातेलें पुसून खात असूं. त्या अन्नाच्या शुद्धीविषयीं आम्हांस कोणीं विचारलें नव्हतें. ज्या मुलानें तुपावांचून पोट भरलें, त्यानेंच म्हातारपणीं नातीला तुपापायीं उठवावें, याची मला लाज वाटली. हें मीं पंक्तींतच बोलून दाखविलें.

नातवानें पास्ता म्हणून तीन वेळां वाढून घेतलें. कुटुंबास चावावयास त्रास झाला नाहीं. नातीनें वाटी उचलून माझ्या पानावर तेलाची धार सोडली व म्हणाली, “आजोबा, आतां तुमची अन्नशुद्धि झाली. करा आरंभ.”

तुपाचें भांडें आमच्या घरांतून गेलेलें नाहीं. तें आतां माझ्या पानाशेजारीं असतें. ज्यास हवें तो मागून घेतो.