दीड झडपेचं दार

सकाळचे साडेआठ. आमच्या मजल्यावरच्या पॅसेजची फरशी बदलायचं काम चाललंय. मिस्त्रींनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणलीय. डबा, हेल्मेट आणि ओला रेनकोट सांभाळत ती ओलांडत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, दोरीला पाय नका लावू. इथं एक सूत सरकलं की तिकडं फरशी कापत बसावं लागतं." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या आसपास. ऑफिसात आमचा हिशोब मिलिमीटरचा, पण धास्ती हीच.

सव्वानऊ, बाणेरचं ऑफिस. रेव्हिट हे इमारतींची मॉडेलं करायचं सॉफ्टवेअर उघडायला लावलं आणि चहा घेऊन आले. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलचं मॉडेल आहे, उघडेपर्यंत अर्धा कप संपतो. यात दार, बेसिन, दिवा, खाट अशी प्रत्येक वस्तू म्हणजे एक 'फॅमिली', आणि माझं काम फॅमिल्या बनवायचं. मी दिवसभर फॅमिली बनवते म्हटलं की सासूबाईंना अजून हसू येतं.

पावणेदहा. आज दीड झडपेचं दार. एरवी मोठी झडप उघडायची, खाट ढकलत न्यायची असली की छोटीही. हे काम नवीन ज्युनिअरला दिलं होतं. त्याने काल संध्याकाळीच "झालं मॅडम" म्हणून टाकलं. उघडून पाहिलं तर खरंच देखणं. चौकट, दोन झडपा, काचेची पट्टी, हँडलसुद्धा.

"आता रुंदी 1800 कर."

1500चं दार 1800 झालं. काही तुटलं नाही, लाल-पिवळा इशारा नाही. तो खुशीत माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, मोठी झडप मोज. ती 1000ची हवी होती, निघाली 1150.

गंमत अशी की चूक पाहायची तर हिरव्या तुटक रेघांकडे पाहावं लागतं, दाराकडे नाही. कीबोर्डवर आर आणि पी दाबलं की रेफरन्स प्लेन ओढता येते. प्लॅनमध्ये ती रेघ दिसते, पण असते उभी पातळी. मधोमध एक काच उभी करावी आणि वरून फक्त तिची कड दिसावी, तशी. दोन झडपा जिथे भेटतात तिथली प्लेन त्याने दाराच्या मध्यापासून मोजली होती, 300वर. दार 1500चं असताना मध्य 750वर, म्हणजे झडपांची भेट 1050वर. डावीकडची 50ची चौकट वजा केली की बरोबर 1000. हिशोब जुळला, म्हणून तो निर्धास्त. पण 1800ला मध्य 900वर सरकला आणि भेटीची प्लेन त्याच्यामागून 1200वर गेली. वाढलेले 300 दोन्ही झडपांनी निम्मे निम्मे वाटून घेतले. खरं तर ते सगळे छोटीने घ्यायचे होते.

"मध्यापासून का मोजलंस?"

"टेम्प्लेटमध्ये तीच होती, मॅडम."

उत्तर प्रामाणिक होतं. मध्याची प्लेन फॅमिलीत आयती मिळते, म्हणून हात तिकडेच जातो. पण कुठून मोजायचं हे दार ठरवतं. मोठी झडप चौकटीला लटकलेली, तर माप चौकटीपासून. सकाळच्या दोरीची गोष्ट सांगितली तेव्हा तो म्हणाला, "आमच्याकडे लातूरला आधी गुण्या लावून बघतात." म्हणजे कळलं होतं.

मग सगळं पुसून पहिल्यापासून. आधी नुसत्या प्लेन. त्यांच्यामध्ये मापं, मापांना नावं, आणि रुंदी 900पासून 2400पर्यंत ओढून-ताणून पाहायची. याला आम्ही फ्लेक्स करणं म्हणतो. 900ला छोटी झडप उणे 200 झाली, तेव्हा खालची मर्यादा ठरवली. हा सांगाडा नीट हलायला लागला की मगच लाकूड आणि काच चढवायची आणि प्रत्येक कड आपापल्या प्लेनला चिकटवून कुलूप लावायचं. झडप किती उघडायची त्या कोनासाठी मात्र प्लेन नको, रेफरन्स लाइन. तिला टोक असतं, त्या टोकाभोवती फिरवता येते. प्लेन कोनात फिरवायला गेलं की ती कुठेही भरकटते.

आधी प्लेन, मग वस्तू, हे रेव्हिटचंच डोकं असं नाही. 1997 साली ज्यांनी याची कंपनी काढली त्यांतले लिओनिद रेझ आधी प्रो/इंजिनिअरवर काम करत. ते यंत्रांच्या भागांसाठीचं सॉफ्टवेअर, आणि तिथेही श्रीगणेशा डेटम प्लेननेच. पहिलं रेव्हिट आलं 2000 साली, ऑटोडेस्कने ते घेतलं 2002मध्ये.

एक वाजता डबा. शेपूची भाजी.

दोन वाजता, म्हणजे लंडनला सकाळी साडेनऊला, कॉल. तिथल्या आर्किटेक्टबाईंनी शांतपणे विचारलं, "वॉर्डच्या शीटवरची मापं कुठे गेली?"

शीट उघडली. खाटेच्या डोक्याशी भिंतीवर ऑक्सिजनचे आणि विजेचे पॉइंट असलेलं लांब युनिट असतं. ते बाजूच्या भिंतीपासून किती अंतरावर, हे 34 खोल्यांत लिहिलेलं होतं. सगळं गायब. मागच्या आठवड्यात मी जुनं युनिट काढून स्वतः बनवलेलं नवं बसवलं होतं. इशारा आला असणार, मी ओके दाबलं असणार.

ज्युनिअर शेजारीच बसला होता. माझी फॅमिली मी त्याच्यासमोरच उघडली, दुसरा इलाज नव्हता. प्लेन सगळ्या जागच्या जागी, फ्लेक्सही चोख होत होती. चूक एका ओळीत होती. प्रत्येक प्लेनला 'ही कोणाची कोण' असं सांगता येतं: डावी, उजवी, पुढची, मागची, वरची, खालची. काहीच सांगितलं नाही तर नव्या प्लेनला 'वीक' असा शिक्का आपोआप बसतो. जुन्या युनिटच्या कडा 'डावी' आणि 'उजवी' होत्या, शीटवरचं माप त्या ओळखीला धरून होतं. माझ्या युनिटच्या कडा नुसत्या 'वीक'. मापाने डावी कड शोधली, सापडली नाही, गेलं निघून.

तो काही बोलला नाही. सकाळी मी त्याला पाऊण तास ऐकवलं होतं.

दुरुस्ती दोन मिनिटांची, पण गेलेली मापं परत येत नाहीत. मॉडेल कधीच सिंक झालं होतं, मागे जायची वाट बंद. तीन ते साडेपाच आम्ही दोघांनी 34 खोल्या वाटून घेतल्या, सतरा-सतरा. त्याच्या आधी झाल्या, मग त्याने माझ्यातल्या चार घेतल्या.

सहा. पीडीएफ काढल्या. छापताना रेफरन्स प्लेन लपवायची खूण आधीपासून टिक केलेलीच असते. हिरव्या रेघा लंडनला जात नाहीत, तिथे जातं दार आणि मापं. दीड झडपेचं दार त्यात होतं, मोठी झडप 1000.

साडेसातला घरी पोचले. पॅसेजमध्ये नवी फरशी चमकत होती, वर एक फळी टाकलेली. दोरी खिळ्याला गुंडाळून खिडकीत ठेवली होती. मिस्त्री हात धूत म्हणाले, "फळीवरूनच जा ताई, उद्या सकाळपर्यंत."