गोरेवाड्याचा इशारा

डिसेंबर 2024 च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट दगावले. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि कारण कळले: एच5एन1, म्हणजेच बर्ड फ्लू. संशयाची सुई खाद्य म्हणून दिलेल्या कच्च्या कोंबडीकडे वळली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नागपुरातल्याच सरकारी अंडी उबवणी केंद्रात हा रोग शिरला होता आणि हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या होत्या.

महामारीच्या इशाऱ्याची सुरुवात अशीच, जनावरांपासून होते. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी सहा टप्पे ठरवले होते. पहिल्या टप्प्यात विषाणू प्राण्यांपुरता असतो, तिसऱ्यात तुरळक माणसे आजारी पडतात, चौथ्यात तो माणसामाणसांत वस्तीभर पसरू लागतो, तर सहावा म्हणजे महामारी. 2009 मध्ये स्वाइन फ्लूने हा जिना किती झपाट्याने चढावा? 27 एप्रिलला चौथा टप्पा, 29 एप्रिलला पाचवा, 11 जूनला सहावा. 3 ऑगस्टला पुण्यात देशातला पहिला बळी गेला.

पण हे टप्पे रोग कुठवर पसरला एवढेच सांगत. तो किती घातक, हे सांगत नसत. म्हणून 2013 मध्ये संघटनेने चार अवस्थांची नवी मांडणी केली आणि प्रत्येक देशाने आपल्या धोक्याचा अंदाज स्वतः घ्यावा, असे सुचवले. म्हणजे संघटनेच्या घोषणेची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

महामारीची किंमत विदर्भाने पूर्वी मोजली आहे. 1918 च्या फ्लूच्या साथीत सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता आणि नागपूर त्याची राजधानी. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागले आणि उपाशी देहांवर तापाने घाला घातला. रुग्णखाटा आणि औषधांइतकेच रेशनही पूर्वतयारीत मोडते, ते यासाठीच.

तयारीची पहिली पायरी मात्र पक्ष्यांपाशीच असते: कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला की एक किलोमीटरचा परिसर बाधित ठरतो आणि दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवली जाते. कोंबड्या मारणाऱ्या कामगारांना संरक्षक पोशाख द्यावा लागतो, त्यांच्या तापा-खोकल्यावर लक्ष ठेवावे लागते. त्यांना नेहमीच्या फ्लूची लस देण्यातही शहाणपण आहे: एकाच शरीरात दोन्ही विषाणू भेटले, तर त्यांच्या जनुकांची अदलाबदल होऊन माणसात सहज पसरणारा नवा विषाणू जन्मू शकतो.

असा विषाणू वेळीच ओळखायचा तर पशुवैद्य आणि नागपूरच्या मेडिकल व मेयो रुग्णालयांतल्या डॉक्टरांची माहिती एकाच टेबलावर यायला हवी. याच विचाराच्या राष्ट्रीय ‘वन हेल्थ’ संस्थेची पायाभरणी 11 डिसेंबर 2022 रोजी नागपुरात झाली. इमारती यथावकाश होतील. माहितीची देवाणघेवाण आजच सुरू व्हावी. आणि वाचकांना एवढेच सांगणे: अंगणात, शेतात वा तळ्याकाठी पक्षी एकाएकी मरू लागले, तर त्यांना हात न लावता त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.