मोडलेली मान, फसलेला सांधा

जुनी गिब्सन लेस पॉल निम्म्या किमतीत मिळत असेल, तर आधी तिची मान पाहावी. या गिटारचं डोकं बहुधा 17 अंशांनी मागे झुकलेलं, मान महोगनीची, आणि नटच्या मागे, जिथे ती बारीक, नेमकं तिथेच ट्रस रॉडसाठी लाकूड कोरलेलं. स्टँडवरून पडली की ती तिथेच मोडते. मोडणं हा मोठा दोष नव्हेच; लांब तिरक्या भेगेत वुड ग्लू नीट भरून क्लॅम्पने आवळला, तर सांधा वर्षानुवर्षं टिकतो. घात करते ती उरकलेली दुरुस्ती: इपॉक्सीचे ओघळ, आडवे पिळलेले स्क्रू आणि सगळं झाकायला जाडसर काळा रंग.

‘वाजतेय ना नीट?’ असं विकणारा म्हणेलच. पण तारांचा चाळीसेक किलोंचा ताण रात्रंदिवस असतो. कच्चा सांधा त्याखाली हळूहळू सरकतो. तारा सुरात लावून भेगेवरून नख फिरवावं, कड लागली तर संशय घ्यावा. ‘पुन्हा चिकटवून घेऊ’ हा हिशेबही चुकतो, कारण लाकडात मुरलेला जुना गोंद नव्याला धरू देत नाही. त्यापेक्षा मोडलेली, पण कुणी हात न लावलेली गिटार परवडली. फक्त कारागिराचा दर आधी विचारून मगच घासाघीस करावी.