क्लॅट : कायद्याआधी वाचनाची परीक्षा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांत, मराठी ही असंख्य घरांची बोली असून शाळेचे माध्यम बहुधा हिंदी असते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांतील पाच वर्षांच्या अभ्यासक्रमांसाठीची ‘क्लॅट’ ही सामाईक प्रवेश परीक्षा मात्र केवळ इंग्रजीतून होते. येथील विद्यार्थ्याची खरी अडचण कायद्याच्या ज्ञानाची नसून इंग्रजी वाचनाच्या वेगाची आहे, आणि ती रोजच्या सरावाने नक्कीच दूर होऊ शकते.

२०२० पासून ही परीक्षा उताऱ्यांवर आधारलेली असून, सध्या १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असल्याने सुमारे ४५० शब्दांपर्यंतच्या उताऱ्यांचे वाचन धरूनही एका प्रश्नाच्या वाट्याला एकच मिनिट येते. म्हणून अकरावीपासूनच इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घड्याळ लावून वाचावा आणि त्याचा मुद्दा दोन ओळींत मराठीत लिहून काढावा, म्हणजे अर्थ खरोखर कळला की नाही, हे तिथल्या तिथे उमगते; चालू घडामोडींची तयारीही त्यातच होते.

विधी-तर्क, म्हणजे दिलेला नियम दिलेल्या प्रसंगाला लावणे, हा भाग सर्वांत फसवा आहे. समजा, उताऱ्यात असा नियम आहे की, ज्याने धोका जाणून स्वेच्छेने पत्करला त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. आणि प्रसंग असा की, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात चाललेल्या गोटमारीत, म्हणजे दगडफेकीच्या पारंपरिक खेळात, एक खेळाडू जखमी झाला, तर दुसरा दगड काठावरच्या स्वतःच्या घरात बसलेल्या माणसाला लागला. खेळाडूचा दावा या नियमानुसार टिकत नाही, पण घरातल्या माणसाने धोका पत्करलेलाच नसल्याने हा नियम त्याच्या आड येत नाही. गोटमार बंद व्हावी की चालावी, याविषयीचे स्वतःचे मत येथे पूर्णपणे बाजूला ठेवावे लागते, आणि गावच्या मुलाला नेमके तेच जड जाते.

चुकीच्या उत्तरामागे पाव गुण कापला जातो, यालाच ऋण गुणांकन म्हणतात. त्याच्या धाकाने शंका असलेला प्रत्येक प्रश्न सोडून देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु तो हिशेबाला उतरत नाही : चारपैकी दोन पर्याय निश्चित बाद झाले असतील, तर उरलेल्या दोहोंतून निवड करण्यात प्रत्येक प्रश्नामागे सरासरी ०.३७५, म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक गुणाचा लाभ असतो.

नागपूरचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ जवळ असले, तरी तेथील महाराष्ट्राच्या अधिवासाच्या जागा पांढुर्णा जिल्ह्यातील विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. भोपाळ आणि जबलपूर येथील विधी विद्यापीठांत मात्र मध्य प्रदेशच्या रहिवाशांसाठी जागा राखीव असल्याने, पसंतीक्रम भरण्यापूर्वीच मूल निवासी प्रमाणपत्र काढून ठेवणे श्रेयस्कर.