ओव्हनविना शेंगदाण्याचा गोड ब्रेड

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत घरोघरी भाजल्या जाणाऱ्या गोड ब्रेडमध्ये पेकन हा सुका मेवा असतो. नंदुरबार जिल्ह्यातील कळसाडीसारख्या गावी पेकन कुठून मिळणार? तिथे भुईमुगाचे दाणे वापरावेत. ही तडजोड नव्हे. ‘एक होता कार्व्हर’मुळे मराठी वाचकांना परिचित असलेले कृषितज्ज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांच्या १९१६ च्या पुस्तिकेत शेंगदाण्याच्या १०५ पाककृती होत्या, त्यांत ब्रेडही होता.

या ब्रेडला यीस्ट लागत नाही. आंबट ताकाशी संयोग होताच खाण्याच्या सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि पीठ फुगते. म्हणूनच कालवलेले पीठ ठेवून न देता लगेच भाजावे.

दोन वाट्या कणीक, पाऊण छोटा चमचा सोडा आणि चिमूटभर मीठ एकत्र चाळावे. वाटीभर ताकात पाऊण वाटी गूळ विरघळवून गाळावा, त्यात पाव वाटी तेल घालावे. हे मिश्रण व वाटीभर भाजून भरडलेले दाणे पिठात हलक्या हाताने मिसळावेत. फार घोटल्यास ब्रेड चिवट होतो. घट्ट वाटल्यास थोडे दूध घालावे. कुकरच्या तळाशी मिठाचा थर पसरून तो दहा मिनिटे तापवावा व तेल लावलेले भांडे आत ठेवावे. पाणी घालू नये. शिटी आणि रबरी रिंग मात्र काढलीच पाहिजे. मंद आचेवर सुमारे ४५ मिनिटांनी सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली, की ब्रेड झाला.

दाणे निवडताना काटकसर नको. सुरकुतलेले, काळपट वा बुरशी धरलेले दाणे फेकूनच द्यावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही.