हिमालयाचें वय कशावरून?

अमरकोशांत पर्वताचीं जीं नांवें दिलेलीं आहेत त्यांत 'अचल' हें एक आहे. जो हलत नाहीं तो अचल. संस्कृतच्या तासाला हें नांव आम्ही मुलांस वर्षानुवर्षें सांगत आलों. एकदां असाच तास चालला असतां मागच्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, हिमालय समुद्राच्या जागीं वर आला आणि अजून वर येत आहे, असें भूगोलाच्या पुस्तकांत आहे. मग तो अचल कसा? आणि तो वर आला हें तरी कशावरून?" पहिल्या प्रश्नाची आम्हीं कशीबशी वाट लावली. दुसऱ्यास मात्र, "पुस्तकांत आहे म्हणून," एवढेंच उत्तर देऊन त्यास खालीं बसविलें. मुलगा बसला, परंतु त्याचा पडलेला चेहरा आम्हांस अद्याप दिसतो.

तर्काचे पहिले पाठ गिरविलेल्या माणसानें असें उत्तर द्यावयास नको होतें. शब्द हें एक प्रमाण आहे खरें. पण जो 'कशावरून' असें विचारतो तो अनुमान मागत असतो. सेवानिवृत्तीनंतर आम्हीं त्या प्रश्नाचें उत्तर मिळेल तेथून गोळा केलें. वाचकांच्या घरींहि असा एखादा प्रश्नकर्ता असेलच, म्हणून तें येथें देत आहों.

पर्वतावर धूर दिसला कीं तेथें अग्नि आहे असें आपण म्हणतों. कारण धूर आणि अग्नि यांचें नित्य साहचर्य आपण स्वयंपाकघरांत पाहिलेलें असतें. दगडाचें वय काढण्याची रीत याच जातीची आहे. येथें धुराच्या जागीं शिसें असतें, इतकेंच.

एकाच मूलद्रव्याचे कांहीं परमाणु वजनानें कमी-अधिक असतात. रासायनिक स्वभाव एक, वजन तेवढें निराळें. अशा भावंडांस समस्थानिक म्हणतात. फ्रेडरिक सॉडी यांनीं ही कल्पना १९१३ सालीं मांडली. यांपैकीं कांहीं भावंडें स्थिर असतात, तर कांहीं आपोआप फुटून दुसऱ्या मूलद्रव्याचें रूप घेतात. युरेनियम-२३८ याचें शेवटीं शिसें-२०६ होतें, आणि कोणताहि सांठा घेतला तरी त्याचा निम्मा भाग असा पालटण्यास सुमारें ४४७ कोटि वर्षें लागतात. खडकांतील उष्णता किंवा दाब यांनीं हा वेग बदलत नाहीं. आपल्या अनुमानाची व्याप्ति ती हीच.

हें पाहावयाचें कोठें? ग्रॅनाइटच्या दगडांत झिरकॉन नांवाचे अगदीं बारीक स्फटिक असतात. असा स्फटिक तयार होत असतां युरेनियमला आपल्या घरांत जागा देतो, शिशाला मात्र उंबरठा ओलांडूं देत नाहीं. म्हणून पुढें त्यांत जें शिसें सांपडेल तें तेथेंच जन्मलेलें, असें धरतां येतें. उरलेलें युरेनियम व जन्मलेलें शिसें यांचें प्रमाण मोजलें कीं स्फटिकाचें वय निघालें.

येथें चिकित्सक वाचक विचारील कीं, मध्यंतरीं कांहीं शिसें निसटून गेलें असेल तर? शंका रास्त आहे. परंतु त्याच कणांत युरेनियम-२३५ हें दुसरें भावंडहि असतें. त्याचें शिसें-२०७ होतें, आणि त्याचा सांठा निम्मा होण्यास सुमारें ७० कोटि वर्षें पुरतात. म्हणजे साक्षीदार दोन झाले. दोघांनीं एकच वय सांगितलें तर तें मानावें. दोघांत मतभेद पडला तर कणास कांहीं तरी अपाय झाला आहे असें समजावें. शिशावरून खनिजांचीं वयें प्रथम अमेरिकेंतील बोल्टवुड यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि इंग्लंडांत आर्थर होम्स यांनीं १९११ पासून तें काम पुढें नेलें. त्यापूर्वीं लॉर्ड केल्व्हिन सबंध पृथ्वीचेंच वय २ ते ४ कोटि वर्षें ठरवून बसले होते!

परंतु दगडाचें जन्मवर्ष कळलें म्हणजे पर्वताचें चरित्र कळलें असें नव्हे. तो दगड वर केव्हां आला? याचें उत्तर अभ्रक देतें. अभ्रकांत पोटॅशियम असतें, आणि पोटॅशियम-४० याच्या कांहीं भागाचा आर्गॉन वायु होतो. खडक तप्त आहे तोंवर हा वायु निसटून जातो. पांढरें अभ्रक सुमारें ४०० अंश सेंटिग्रेडच्या खालीं आणि काळें अभ्रक सुमारें ३०० अंशांच्या खालीं निवालें कीं वायु आंत कोंडूं लागतो, आणि तेव्हांपासून काळाची मोजणी सुरू होते. साखरेचा पाक कढईंत गरम असतांच आळतो, तूप मात्र पुष्कळ निवाल्यावर थिजतें. तसाच हा प्रकार. मार्टिन डॉडसन यांनीं १९७३ सालीं याचें गणित बसवून दिलें. पृथ्वीच्या पोटांत खोल जावें तसतशी उष्णता वाढत असल्यामुळें, खडक निवणें म्हणजे बहुधा तो पृष्ठभागाजवळ येणें होय.

आतां हिमालयाकडे वळूं. गंगोत्रीहून गोमुखापलीकडे गेलेल्या यात्रेकरूंनीं शिवलिंग शिखर पाहिलें असेल. तें फिकट रंगाच्या ग्रॅनाइटचें आहे. त्यांतील मोनाझाइट खनिजावरून तो ग्रॅनाइट सुमारें २ कोटि ३० लाख वर्षांपूर्वीं थिजला असें ठरलें. आणि त्यांतील अभ्रक त्यानंतर लवकरच निवालें. अर्थात् खडक त्या काळीं झपाट्यानें वर येत होता. शिवाय त्यांत स्ट्रॉन्शियम-८७ असाधारण प्रमाणांत आहे. तें रुबिडियमपासून होतें व भूखंडांच्या जुन्या कवचांत सांचतें. म्हणून हा रस त्याहून खोल भागांतून आलेला नव्हे. आपल्याच भूखंडाचा जुना गाळ खालीं दडपला जाऊन वितळला आणि त्याचें हें शिखर झालें.

भूखंड किती खोल दडपला? पाकिस्तानांतील काघान खोऱ्यांत झिरकॉनच्या आंत कोएसाइट नांवाचें खनिज सापडलें आहे. तें गारेच्या दगडाचेंच रूप. परंतु सुमारें ९० किलोमीटर खोलीच्या दाबावांचून तें होत नाहीं. त्या झिरकॉनचें वय सुमारें ४ कोटि ६० लाख वर्षें भरलें. तेव्हां भारताची कड आशियाच्या खालीं गेली ती त्याहून आधीं, म्हणजे सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं. उलट, सिंधूच्या वळणावरील नंगा पर्वतांत कांहीं काळ्या अभ्रकाचें वय दहा लाख वर्षांच्या आसपासच येतें. ही उलाढाल अजून थांबलेली नाहीं.

आपल्या सह्याद्रीचा काळा दगड याहून जुना आहे. त्या लाव्ह्यांत झिरकॉन जवळजवळ नसतात. परंतु त्याच्या थरांमधील तांबड्या मातीच्या पट्ट्यांत राखेबरोबर पडलेले झिरकॉन मिळाले, आणि २०१५ व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या मापनांत त्यांचें वय सुमारें ६ कोटि ६० लाख वर्षें आलें. आपल्या घाटांचा दगड रसरूपानें वाहत होता तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस एकटी होती, आणि हिमालय जन्मास यावयाचा होता.

अमरकोशांत पर्वतास 'अहार्य', म्हणजे जो वाहून नेतां येत नाहीं तो, असेंहि म्हटलें आहे. परंतु २०१५ सालीं बंगालच्या उपसागराच्या तळाशीं वेध घेतले गेले, तेव्हां गंगा-ब्रह्मपुत्रांनीं वाहून नेलेला हिमालयच वर आला. तोहि कण कण करून असाच मोजतात.

तेव्हां, बाळ, तूं आतां कोठें आहेस ठाऊक नाहीं, पण तुझ्या प्रश्नाचें उत्तर हें असें आहे. हिमालय अचल आहे तो आपल्या आयुष्याच्या मापानें. झिरकॉनच्या मापानें नव्हे. तूं विचारलेंस तें बरोबर होतें, आणि तुला खालीं बसविलें ही चूक आमची होती.