तलवारीला वाचा फुटते तेव्हा...

एका टेबलाभोवती पाच जण बसले आहेत. समोर कागद, पेन्सिली, निरनिराळ्या आकारांचे फासे आणि चहाचे कप. चौघांनी एका कल्पित जगातील एकेक पात्र आपले मानले आहे; पाचवा सूत्रधार. तीन तासांच्या खेळानंतर योद्ध्याची भूमिका करणाऱ्याला एका थडग्यात तलवार सापडते. ‘मी ती उचलतो,’ तो उत्साहाने म्हणतो. सूत्रधार क्षणभर थांबतो आणि आवाज बदलून विचारतो, ‘हात धुतलेस का? माझा याआधीचा धनी राजा होता.’ टेबलावर हशा पिकतो. मात्र त्याच क्षणी सर्वांच्या लक्षात येते की, खजिन्यात हाती लागलेली ही केवळ वस्तू नाही. चौघांच्या टोळीत पाचवे पात्र दाखल झाले आहे.

प्रसंग काल्पनिक असला, तरी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचे खेळ, ज्यांनी खेळले आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. या खेळांत पट नसला तरी चालते. सूत्रधार परिस्थिती सांगतो, खेळाडू आपले पात्र काय करील ते सांगतात आणि जिथे यशापयश अनिश्चित असते तिथे फासे निकाल देतात. या प्रकारातला छापून विक्रीस आलेला पहिला खेळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोघा अमेरिकनांनी रचलेला हा खेळ १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. या पहिल्याच पुस्तिकांत जादूच्या तलवारींना बुद्धी, अहंभाव आणि नैतिक कल बहाल केलेला होता. खेळ जन्मला तोच बोलक्या तलवारी घेऊन. ही गंमत म्हणून केलेली सजावट होती, की तिच्यामागे काही प्रयोजन होते?

योद्ध्याच्या वाट्याची जादू

प्रयोजन होते, आणि ते प्रथम अगदी व्यावहारिक होते. या खेळात जादूगार जसजसा अनुभवी होतो, तसतसे त्याला नवनवे मंत्र मिळतात. धर्मोपदेशकाला दैवी शक्ती लाभते. योद्धा मात्र पहिल्या दिवशी तलवार चालवतो आणि शंभराव्या दिवशीही तलवारच चालवतो. फार तर अधिक जोराने. ही उणीव जादूच्या तलवारीने भरून काढली. १९७४ च्या नियमांनुसार जादूगाराला खंजिरापलीकडे शस्त्र चालत नसे आणि धर्मोपदेशकाला धारदार शस्त्र वर्ज्य होते. साहजिकच तलवार ही योद्ध्याची मिरास ठरली. बुद्धिमान तलवार त्याला गुप्त दरवाजे, सापळे, अदृश्य वस्तू यांची जाणीव करून देई. अधिक सामर्थ्यवान तलवारीमुळे दुसऱ्याच्या मनातले विचार कळत, हवेत उडता येई.

पण हे दान फुकट नव्हते. जादूगाराचे मंत्र त्याचे स्वतःचे असतात. योद्ध्याला मिळालेली शक्ती तलवारीची असते आणि तलवारीला स्वतःचे मत असते. जिचा नैतिक कल आपल्याशी जुळत नाही अशी तलवार हाती धरताच माणसाला इजा होई. काही मोजक्या तलवारींना तर विशेष उद्दिष्ट नेमून दिलेले असे: जादूगारांचा नाश, विशिष्ट राक्षसांचा संहार किंवा सुव्यवस्था आणि अराजक यांच्या संघर्षात एका बाजूचा विजय. अशी तलवार हाती घेणे म्हणजे तिच्या जुन्या वैरांचा वारसा पत्करणे होय.

जुनी मुळे

ही कल्पना खेळाच्या निर्मात्यांना आभाळातून सापडली नाही. आइसलँडच्या हर्वर गाथेत टिरफिंग नावाची तलवार आहे. ती बुटक्यांकडून जबरदस्तीने घडवून घेतलेली. म्हणून त्यांनी तिला शाप दिला की, म्यानाबाहेर आली की ती बळी घेतल्याविना राहणार नाही आणि तिच्या हातून तीन नीच कृत्ये घडतील. फिनलंडच्या ‘कालेवाला’ या महाकाव्यात कुल्लेर्वो हा अभागी तरुण आपल्या तलवारीलाच विचारतो की, अपराध्याचे रक्त तुला चालेल का? आणि तलवार त्याला उत्तर देते. हाच धागा टोल्किन यांनी उचलला. त्यांच्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये टूरिनची काळी तलवार अखेरच्या क्षणी त्याच्याशी बोलते. १९५४ मध्ये पोल अँडरसन यांनी ‘द ब्रोकन सोर्ड’ या कादंबरीत टिरफिंगला नवा जन्म दिला, तर १९६१ पासून मायकेल मूरकॉक यांनी एलरिकच्या कथा लिहायला घेतल्या.

या खेळांवर सर्वांत गडद छाया पडली ती एलरिकची. एलरिक हा दुर्बल देहाचा सम्राट. औषधांवाचून त्याला उभेही राहवत नाही. त्याची काळी तलवार स्टॉर्मब्रिंगर शत्रूंचे आत्मे पिते आणि त्यांतले बळ त्याला पुरवते. तिची भूक मात्र शत्रू आणि मित्र यांत भेद करत नाही. एलरिकच्या हातून त्याची प्रियजनेही तिच्या तोंडी पडतात आणि शेवटी तोही. गायगॅक्स यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात स्फूर्तिदायक लेखकांची जी यादी जोडली, तीत अँडरसन आणि मूरकॉक ही दोन्ही नावे आहेत.

दसऱ्याला शस्त्रांपुढे हात जोडणाऱ्या आपल्या परंपरेला सचेतन शस्त्र ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. रामायणाच्या बालकांडात विश्वामित्रांनी दिलेली अस्त्रे देह धारण करून रामापुढे हात जोडून उभी राहतात. महाभारताच्या शांतिपर्वात नकुलाने विचारल्यावरून भीष्म खड्गाची उत्पत्ती सांगतात: ब्रह्मदेवाच्या यज्ञातून एक उग्र प्राणी प्रकटला आणि त्यानेच पुढे खड्गाचे रूप घेतले. धर्मरक्षण हे त्याचे उद्दिष्ट. पण एक फरक महत्त्वाचा आहे. रामापुढची अस्त्रे आज्ञा मागतात. स्टॉर्मब्रिंगर आज्ञा मोडते. खेळाला हवी होती ती ही दुसरी जात, कारण नाट्य आज्ञाधारकपणातून क्वचितच निर्माण होते.

बेरजेचे द्वंद्व

आता प्रश्न असा की, माणूस आणि तलवार यांच्यात मतभेद झाला, तर जिंकणार कोण? १९७९ च्या नियमांनी याचे उत्तर चक्क बेरजेने दिले. शस्त्राची बुद्धी आणि अहंभाव यांची बेरीज एका बाजूला. धारकाची बुद्धी, त्याचा प्रभाव आणि त्याने गाठलेला स्तर यांची बेरीज दुसऱ्या बाजूला. समजा, योद्ध्याची बुद्धी ९, प्रभाव १० आणि स्तर ५, बेरीज २४. तलवारीची बुद्धी १४ आणि अहंभाव १२, बेरीज २६. म्हणजे तूर्त हुकूमत तलवारीची. तोच योद्धा आठव्या स्तराला पोचला की २७ होतो आणि पारडे फिरते. पण गोष्ट इथे संपत नाही. योद्धा जसजसा जखमी होतो, तसतसे त्याचे गुण कमी होत जातात. म्हणजे धडधाकट असताना जो तलवारीचा मालक असतो, तोच रक्तबंबाळ झाला की तिचा नोकर होऊ शकतो.

वर्चस्व मिळवलेली तलवार काय मागते, याची यादीही त्या ग्रंथात आहे आणि ती मोठी मनोरंजक आहे. मूठ व म्यान रत्नांनी मढवून हवे; इतर जादूच्या वस्तू टाकून दे; अमका सोबती मला पसंत नाही, त्याला दूर कर; माझी शक्ती वापरलीस, तर मोबदला दे. एखाद्या मानी, पण आतून असुरक्षित नातलगाचेच हे चित्र नव्हे काय?

तीन शस्त्रे, तीन हट्ट

या कल्पनेचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे ‘व्हाइट प्लूम माउंटन’ हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेले साहस. लॉरेन्स शिक यांनी ते मुळात टीएसआर या प्रकाशन संस्थेत नोकरी मिळावी म्हणून नमुन्यादाखल लिहिले होते. एका ज्वालामुखीच्या पोटात तीन सचेतन शस्त्रे दडवलेली आहेत आणि ती परत आणायची आहेत, एवढेच कथानक. पण प्रत्येक शस्त्राचा हट्ट वेगळा आहे. व्हेल्म हा बुटक्यांसाठी घडवलेला हातोडा, राक्षसी देहाच्या दैत्यांचा वैरी. वेव्ह हा त्रिशूळ सागरदेवाचा कडवा भक्त. भेटेल त्याला आपल्या पंथात ओढू पाहणारा. आणि तिसरी ब्लॅकरेझर, आत्मे गिळणारी काळी तलवार, स्टॉर्मब्रिंगरची उघड धाकटी बहीण. तिला तीन दिवसांपेक्षा अधिक काळ उपाशी ठेवले, तर पुढे दररोज तिचा अहंभाव एकेकाने वाढतो.

हा शेवटचा नियम नीट पाहण्याजोगा आहे. तलवार चालवली, तर कुणाचा तरी आत्मा जातो. न चालवली, तर ती हळूहळू धारकापेक्षा बलवान होते. व्यसनाचे इतके नेमके वर्णन नियमांच्या कोरड्या भाषेत क्वचितच सापडेल. सूत्रधाराला इथे उपदेशाचा एक शब्दही बोलावा लागत नाही. दिवस मोजले की पुरते.

निर्णय कुणाचा?

तथापि, याच ठिकाणी एक गंभीर धोका आहे. या खेळांत खेळाडूच्या मालकीचे असे असते तरी काय? जग सूत्रधाराचे, यशापयश फाशांचे. ‘माझे पात्र काय करील’ हा निर्णय तेवढा खेळाडूचा. शस्त्राने ताबा घेतला की तोही हातून जातो. एखाद्या सूत्रधाराला आपलीच कथा पुढे रेटायची असेल, तर सचेतन तलवार हे त्याला आयते हत्यार मिळते. ‘तुझी तलवार तुला उत्तरेला नेते’ असे वारंवार ऐकणारा खेळाडू लवकरच ती विहिरीत फेकून देतो किंवा खेळच सोडून जातो.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील नियम या तक्रारीची दखल घेताना दिसतात. तिथे संघर्षाला कारण लागते: धारकाने शस्त्राच्या नैतिक कलाविरुद्ध किंवा उद्दिष्टाविरुद्ध वागले पाहिजे. मग दोघांच्या प्रभावाचा फाशांवर सामना होतो. धारक हरला, तर शस्त्र आधी मागणी करते. ती धुडकावली, तर ते आपल्या शक्ती रोखून धरू शकते किंवा ताबा घेण्याचा प्रयत्न करू शकते. हा ताबाही जास्तीत जास्त १२ तासांचा आणि प्रयत्न फसो वा साधो, दुसऱ्या पहाटेपर्यंत पुन्हा करता येत नाही. आणखी एक बारकावा असा की, ताब्यात असताना धारकाला इजा झाली, तर त्याला सुटकेची नवी संधी मिळते. १९७९ मध्ये जखम माणसाला तलवारीच्या अधीन करत होती. २०१४ मध्ये जखम त्याला जागे करते. मधल्या ३५ वर्षांत खेळाडूच्या इच्छेला किती मान मिळू लागला, हे या एका बदलावरून कळते.

शस्त्रच नायक

काही खेळांनी हा पेच वेगळ्याच वाटेने सोडवला. मूरकॉक यांच्या कथांवर बेतलेल्या, १९८१ मधील ‘स्टॉर्मब्रिंगर’ या खेळात मायावी शस्त्र म्हणजे त्यात बांधून घातलेला पिशाच्चच. त्यामुळे ते कुरकुर का करते, असा प्रश्नच उरत नाही. १९९१ च्या ‘ब्लडलस्ट’ या फ्रेंच खेळाने तर सारा डावच उलटवला. तिथे शस्त्रांत देव वसतात आणि खेळाडू हातातल्या माणसाबरोबर त्या शस्त्राचीही भूमिका करतो. माणसाची सुखदुःखे चाखायची, तर देवांना माणसाचा हात हवा. धारक मेला की शस्त्र दुसरा शोधते. इथे खरे दीर्घायुषी पात्र शस्त्रच ठरते आणि माणूस हे त्याचे साधन.

संगणकावरील खेळांत ही मुभा कमी असते, कारण शस्त्राची वाक्ये आधीच लिहून ठेवावी लागतात. तरीही २००० साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट २’ मधील लिलारकॉर ही बडबडी तलवार खेळाडूंच्या आठवणीत राहिली. सदैव रक्तपाताच्या गप्पा मारणारी ही तलवार आपल्या धारकाचे मोहिनी आणि मतिभ्रम यांपासून मात्र रक्षण करते. इतर तलवारी जे मन हिरावू पाहतात, तेच ही जपते.

शस्त्राला मन देण्याचा खरा हेतू इथे लक्षात येतो. मुकी तलवार सापडली की योद्ध्याच्या कागदावरचा एक आकडा वाढतो आणि ती विसरली जाते. बोलकी तलवार सापडली की त्याला प्रथमच सांगावे लागते की, आपण कशासाठी लढतो, कुणाला मारणार नाही आणि बळासाठी कोणती किंमत मोजायला तयार नाही. एरवी हे प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. शत्रू तर मुळीच नाही. ते विचारायला कमरेला लटकलेले, झोपेतही सोबत असणारे कुणीतरी लागते. म्हणूनच चांगला सूत्रधार तलवारीला खेळाडूचा निर्णय हिरावू देत नाही. तो तिला निर्णय मागायला लावतो. थडग्यातल्या त्या तलवारीने हात धुतले का, असे विचारले, तेव्हा टेबलावरची माणसे हसली होती. काही रात्रींनंतर तोच प्रश्न ती रणांगणावर विचारील, तेव्हा हातांवर पाण्याने न जाणारे काहीतरी असेल, आणि उत्तर योद्ध्यालाच द्यावे लागेल.